विषय : पिकासा बंद होत आहे, मंडळाच्या छायाचित्रांसाठी पुढे काय?

२० फेब्रुवारी २०१६
सर्वांना सप्रेम नमस्कार.
गूगलने १२ तारखेला जाहीर केले आहे की १५ मार्चनंतर पिकासा या छायाचित्रे लावण्याच्या व सुधारण्याच्या त्यांच्या सॉफ्टवेअरच्या संगणकावरील आवृत्तीत कोणतीही सुधारणा होणार नाही आणि १ मेपासून त्याच्या इंटरनेटवरील वेब अल्बममध्ये नवे काही घालता किंवा बदलता येणार नाही. पाडव्याचा कार्यक्रम ९ एप्रिलला आहे आणि स्मरणिकेची पाने त्याआधी छापखान्यात जायला हवीत, हे सर्वांना ठाऊक आहेच. तेव्हा पिकासाऐवजी कोणते सॉफ्टवेअर घ्यायचे, हे याच आठवड्यात ठरावे. गणेशोत्सवाच्या जुन्या छायाचित्रांत चेहऱ्यांना दिलेली नावे टिकली पाहिजेत, एवढीच माझी अट आहे.
आपला,
नाना (स्मरणिका समिती)

२० फेब्रुवारी
नाना, नमस्कार.
यात चर्चेसारखे फारसे काही नाही. अडोबी कंपनीचे लाइटरूम घ्यावे. गेल्या वर्षी आलेल्या सहाव्या आवृत्तीत चेहरे ओळखण्याची सोय आहे आणि रंगदुरुस्तीच्या बाबतीत पिकासाशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही. नाट्यस्पर्धेची छायाचित्रे मी त्यातच करतो. रंगमंचावरच्या पिवळ्या उजेडात काढलेले चेहरे त्यात कसे सुधारतात, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. छायाचित्रांचे काम मी पाहतो, तेव्हा साधनही मलाच निवडू द्यावे, ही विनंती.
दादा

२१ फेब्रुवारी
सप्रेम नमस्कार.
साधन कोणीही निवडावे, पैसे मात्र मंडळाच्या खात्यातून जाणार आहेत. अडोबीची मासिक योजना ९.९९ डॉलरची आहे, म्हणजे वर्षाला सुमारे १२० डॉलर, आणि वर्गणी थांबवली की सोयीही थांबणार. एकदाच पैसे भरून मिळणारी लाइटरूमची प्रत १४९ डॉलरला आहे. कार्यकारिणी दर दोन वर्षांनी बदलते. पुढच्या खजिनदाराच्या गळ्यात मासिक हप्ता बांधून जाण्याची माझी तयारी नाही. घ्यायचेच असेल तर एकरकमी घ्यावे आणि त्याची नोंदणी मंडळाच्या पत्त्यावर करावी, कोणाच्या खासगी खात्यावर नव्हे.
खजिनदार

२१ फेब्रुवारी
खजिनदारसाहेबांशी मी सहमत आहे, पण एकरकमी खरेदी केली म्हणजे निश्चिंत झालो असे समजू नये. मी ॲपलचे ॲपर्चर हे छायाचित्रांचे सॉफ्टवेअर विकत घेतले होते. ॲपलने २०१४ च्या जूनमध्ये ते पुढे विकसित करणार नसल्याचे सांगितले आणि पुढच्या वर्षी ते दुकानातूनच काढून टाकले. गूगलचे फुकट होते ते बंद झाले, ॲपलचे विकतचे होते तेही बंद झाले. म्हणून निवडताना किंमत नव्हे, तर त्या सॉफ्टवेअरमधून आपली माहिती बाहेर काढता येते का, हे पाहावे. डिजिकॅम मुक्त स्रोताचे आहे (म्हणजे त्याची मूळ संहिता सर्वांना खुली आहे), विंडोजवर चालते, फुकट आहे आणि त्यात चेहऱ्यांना नावेही देता येतात. दिसायला ते रुक्ष आहे, हे मान्य.
बंडूकाका

२१ फेब्रुवारी
बंडूकाका, डिजिकॅम मी वापरून पाहिले आहे. स्मरणिकेच्या कामाला ते पुरणार नाही.
दादा

२२ फेब्रुवारी
सर्वांना नमस्कार.
नवे सॉफ्टवेअर कोणतेही घ्या, पण त्याआधी एक गोष्ट करायची आहे आणि तिचा कोणीच उल्लेख केलेला नाही. पिकासा मूळ छायाचित्राला हात लावत नाही. आपण केलेली कापाकापी, लाल डोळ्यांची दुरुस्ती, रंगातला बदल हे सारे त्याच फोल्डरमधील '.पिकासा.आयएनआय' नावाच्या लपवलेल्या फाइलमध्ये लिहून ठेवलेले असते. लेझीम पथकाच्या फोल्डरमधली ती फाइल मी नोटपॅडमध्ये उघडली. प्रत्येक छायाचित्राच्या नावाखाली केलेल्या बदलांची एकेक ओळ आहे. ज्यांना नावे दिलेली आहेत, त्यांच्या चेहऱ्याभोवतीच्या चौकटीचे आकडे आणि पुढे एक लांबलचक सांकेतिक क्रमांक. ही टिपणे दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येतील असे गृहीत धरू नये. शिवाय कोणी फक्त छायाचित्रे निवडून बाहेरच्या डिस्कवर उतरवली, तर ही फाइल मागेच राहते.

जेपीईजी छायाचित्रांचे मथळे आणि खुणेचे शब्द फाइलमध्येच लिहिलेले असतात, त्यांची चिंता नाही. चेहऱ्यांची नावे मात्र मुद्दाम छायाचित्रात लिहवून घ्यावी लागतात. पिकासाच्या ३.९ आवृत्तीत नावांच्या पर्यायांत तशी खूण करता येते आणि आधीच दिलेल्या नावांसाठी 'टूल्स'मधल्या 'एक्स्पेरिमेंटल' यादीत वेगळा आदेश आहे. एकदा नावे एक्सएमपी (फाइलमध्येच माहिती लिहिण्याची प्रमाणित पद्धत) स्वरूपात आत गेली की लाइटरूम आणि डिजिकॅम दोन्ही ती वाचू शकतात. मग दादांना जे हवे ते त्यांनी घ्यावे.
सौ. वहिनी (ग्रंथालय)

२२ फेब्रुवारी
वहिनी, तुमचे म्हणणे पटले, परंतु हा आदेश मूळ फाइलवरच लिहिणार ना? मंडळाच्या संगणकावरील छायाचित्रांची दुसरी प्रत नाही. शिवाय 'सेव्ह' दाबले की पिकासा मूळ छायाचित्र लपवलेल्या फोल्डरमध्ये टाकते आणि बदललेले पुढे ठेवते. पुढच्या कोणी जागा वाचवायला ते फोल्डर पुसले तर सगळेच गेले. माझ्या मते कोणीही परस्पर काही दाबू नये.
नाना

२३ फेब्रुवारी
नाना, म्हणूनच आधी संपूर्ण फोल्डर, लपवलेल्या फाइल्ससकट, दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवावेत आणि नावे लिहिण्याचे काम त्यांतल्या एका प्रतीवर करावे. आधी एकाच वर्षाच्या फोल्डरवर करून पाहू. डिजिकॅममध्ये उघडल्यावर आरतीच्या छायाचित्रात माईंचे नाव दिसले, तरच पुढे जाऊ.
सौ. वहिनी

२३ फेब्रुवारी
दोन डिस्कांसाठी दीडशे डॉलरपर्यंत मंजुरी देतो. पावती मंडळाच्या नावे घ्यावी. लाइटरूमची खरेदी पाडव्यानंतरच्या बैठकीत ठेवू. तोवर संगणकावरील पिकासा कोणी काढून टाकू नये, कारण १५ मार्चनंतरही बसवलेली प्रत चालत राहील असे गूगलनेच सांगितले आहे.
खजिनदार

२३ फेब्रुवारी
ठीक आहे. डिस्क मी शनिवारी आणतो. माझ्या नाट्यस्पर्धेच्या फोल्डरना मात्र कोणी हात लावू नये. ते मी स्वतः उतरवीन.
दादा