'आज जाने की ज़िद ना करो' : गाणं नक्की कुणाचं?

सांजसावली
स्पष्टच लिहिते. या गाण्याची ओळख 'पाकिस्तानी गायिका फरीदा खानम यांची मूळ गझल' अशी करून देणं आता थांबायला हवं. हे १९७३ च्या 'बादल और बिजली' या पाकिस्तानी चित्रपटातलं गाणं. शब्द फैयाज हाश्मींचे, चाल सोहेल राणांची, आवाज हबीब वली मोहम्मद यांचा. हबीबसाहेब तर मुंबईत शिकलेले, जोगेश्वरीच्या इस्माईल युसुफ कॉलेजात. पुढे उद्योगधंद्यात पडले, गाण्यावर पोट भरायची वेळ आली नाही, आणि ते त्यांच्या गाण्यात ऐकू येतं. कुणावर छाप पाडायची घाई नाही. समोर बसलेल्या एकाच माणसाला ते थांबवतायत, अख्ख्या सभागृहाला नाही. मैफलीत मात्र या तिघांपैकी कुणाचंच नाव निघत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

यमनवेडा
ताई, राग रास्त आहे, पण निष्कर्ष पटला नाही. हबीबसाहेबांचं मी पुष्कळदा ऐकलंय. गोड आहे, पण चित्रपटगीताच्या मापात बसवलेलं आहे. फरीदाबाईंनी ते माप मोडलं. पतियाळा घराण्याच्या आशिक अली खाँसाहेबांची तालीम, थोरली बहीण मुख्तार बेगम, म्हणजे ठुमरी-दादरा घरातच. 'यूँही पहलू में बैठे रहो' एवढी एकच ओळ त्या कितीदा घेतात ते ऐका. एकदा हक्काने, एकदा लाडात, मग जरा रुसून. 'हाय'वर सगळे गळा काढतात, बाई तो जाता जाता हलकेच टाकतात आणि तिथेच काळजात कळ उठते. राग यमन कल्याण तोच, चाल तीच, पण बोल बनवायची, म्हणजे एकच ओळ निरनिराळ्या भावांनी रंगवायची रीत ठुमरीची. असं गाणं पहिल्यांदा कुणी म्हटलं हा प्रश्न गौण आहे.

सांजसावली
गौण? आपण भावगीत ऐकताना 'ही खळ्यांची चाल', 'ही बाबूजींची चाल' असं अभिमानाने सांगतो ना? मग सोहेल राणांनीच काय घोडं मारलंय? फरीदाबाई जिथे रेंगाळतात ती जागा आधी चालीत होती म्हणूनच त्यांना रेंगाळता आलं. आणि हाश्मींचे शब्द बघा. पुरुषाने म्हणा, बाईने म्हणा, एक अक्षर बदलावं लागत नाही. तलत मेहमूदचं 'तस्वीर तेरी दिल मेरा बहला न सकेगी' लिहिणारा हाच माणूस. त्याचं नाव ठाऊक असलेले गझलप्रेमी दाखवा मला.

हिरवाचाफा
थोडं नव्या पिढीकडूनही ऐका. मी हे गाणं पहिल्यांदा ऐकलं ते शिल्पा रावच्या आवाजात, 'ऐ दिल है मुश्किल'मुळे, म्हणजे २०१६ साली. त्यानंतर शोधत शोधत आशाताईंचं ऐकलं, मग फरीदाबाई, आणि हबीबसाहेब तर आज या धाग्यामुळे. 'मॉन्सून वेडिंग'ने २००१ मध्ये हेच केलं होतं, फरीदाबाईंचा आवाज थेट चित्रपटात घेऊन. नव्या आवृत्त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की आमच्यासारख्यांना मागे जायची वाट त्यांनीच दाखवली.

जुनीतबकडी
वाट दाखवली हे मान्य, पण निम्मे लोक वाटेतच बसकण मारतात त्याचं काय? रीलवर गिटार घेऊन मुखडा म्हणायचा, शेवटी आवाज कापरा करायचा, संपलं. अंतऱ्यापर्यंत कुणी पोचतच नाही. 'वक़्त की क़ैद में' इथून खरं गाणं सुरू होतं हो! आयुष्य काळाच्या कैदेत आहे, या दोन-चार घटकाच तेवढ्या मोकळ्या आहेत, म्हणून जाऊ नकोस. हे गाळलं तर उरतो तो नुसता हट्ट.
आणि एक अप्रिय मत. २०१५ मध्ये कोक स्टुडिओ पाकिस्तान या संगीत कार्यक्रमाने फरीदाबाईंना ऐंशीच्या आसपासच्या वयात हेच गायला बसवलं, ते करायला नको होतं. श्वास पुरत नाही, सूर निसटतात. ज्यांनी त्यांना ऐन भरात ऐकलंय त्यांना ते बघवत नाही.

यमनवेडा
इथे मात्र कडाडून विरोध! श्वास तुटतो हे खरंय. पण जिथे तुटतो तिथे बाई ओळ सोडून देत नाहीत, जवळजवळ बोलल्यासारखी म्हणतात आणि समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, अलगद येतात. थांब म्हणणारी बाई आता म्हातारी झालीये, आणि जाणारा खरंच जाणार आहे हे तिला माहीत आहे. तरुण गळ्यात हे येणं शक्य नाही. माझ्या लेखी या गाण्याच्या सगळ्या आवृत्त्यांमध्ये ती पहिली.

जुनीतबकडी
तुम्ही वयाला गुण देताय, गाण्याला नाही. असो, मी पुन्हा एकदा ऐकेन.

सांजसावली
कोक स्टुडिओबद्दल मी यमनवेडांच्या बाजूने. श्रेयाबद्दल नाही. कार्यक्रमात हे गाणं घेणाऱ्याने हाश्मी, राणा आणि हबीब वली मोहम्मद ही तीन नावं आधी घ्यावीत. अर्धं मिनिटही लागत नाही.

यमनवेडा
घ्या की, माझी ना नाही. पण त्यांच्यापाठोपाठ फरीदाबाईंना 'कव्हर'च्या यादीत ढकलणार असाल तर मी भांडणारच. आज हे गाणं जो कोणी म्हणतो, मग तो गिटारवाला का असेना, तो त्यांच्या लयीत म्हणतो, हबीबसाहेबांच्या नाही.