तटावरचा खड्डा तोफगोळ्याचा की काळाचा? भुईकोट आणि कोल्चेस्टर

चिरेबंदी_सोलापूर:
सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यातल्या वारसाफेरीसाठी फलक लिहायचे आहेत. मे 1818 मध्ये किल्ल्याला इंग्रजांचा वेढा पडला होता. पण तटावरचा कोणता खड्डा गोळ्याचा, हे ओळखायचं कसं? इंग्लंडमधल्या कोल्चेस्टरला 1648 च्या राजा-संसद यादवीतल्या वेढ्याच्या खुणा अजून दाखवतात ना? तिथे काय उरलंय?

हातमाग:
वेढा 13 जून ते 28 ऑगस्ट, 11 आठवड्यांचा. गावाचा कल संसदेकडे. पण राजाचे सैनिक आत शिरले आणि संसदेचा सेनापती फेअरफॅक्स याने बाहेरून नाकेबंदी केली. परक्या पक्षापायी गावाने कुत्री-मांजरं खाऊन दिवस काढले. वर लुटीतून सुटका हवी म्हणून 14,000 पौंडांचा दंड! गावही आपल्यासारखंच विणकरांचं. आपल्याकडे पद्मशाली तेलंगणातून आले, तिकडे डच-फ्लेमिश विणकर. दंडाचा मोठा वाटा त्यांच्याच गळ्यात पडला. फलकावर हे आधी यायला हवं, खड्डे नंतर.
उरलंय म्हणाल तर सेंट बोटॉल्फ. तोफांनी पडलेलं हे चर्च पुन्हा उभारलंच नाही. नवं शेजारी बांधलं, तेही 1837 मध्ये. पूर्वेच्या पुलाजवळच्या लाकडी घरावर बंदुकीच्या गोळ्यांच्या भोकांभोवती लाल वर्तुळं रंगवली आहेत.

काळापाषाण:
आपला दगड बेसाल्ट. तो झिजतो तेव्हा कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, कडा गोलसर होतात. गोळ्याचा मार असेल तर बशीसारखा खोलगट खड्डा आणि मधून बाहेर पसरलेल्या बारीक भेगा. दगड काढून नेले असतील तर सांध्याशी सरळ कापल्यासारखी पोकळी दिसते, बहुधा हात पोचेल तेवढ्या उंचीवर.
सकाळचं तिरपं ऊन पडलं की बघा, किंवा अंधारात विजेरी बाजूने धरा. प्रत्येक खड्ड्याची रुंदी, खोली, जमिनीपासूनची उंची लिहा. एकटा खड्डा काही सिद्ध करत नाही. एकाच बाजूच्या भिंतीवर पुंजका दिसला आणि समोर तोफा मांडण्याजोगी जागा असली, तरच ‘बहुधा गोळ्याची खूण’ असं लिहा.

चिरेबंदी_सोलापूर:
मग आपणही लाल वर्तुळं रंगवावीत का?

काळापाषाण:
अजिबात नको. ते लाकूड होतं. सच्छिद्र दगडात रंग मुरला की निघत नाही, आणि खरवडायला गेलात तर खूणच जाते. फोटोवर वर्तुळ काढून तो फलकावर छापा. खड्डा सिमेंटने तर कोणालाच बुजवू देऊ नका. आतली ओल अडते आणि भोवतालचा चुना सुटायला लागतो.