क्लासिक ३५० : हँडलची थरथर कमी करायला घरगुती उपाय सुचवा

घाटपायथा
मंडळी, गाडी २०१६ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०. पासष्टपर्यंत मजेत चालते. पंचाहत्तरच्या पुढे हँडल असं थरथरतं की आरशात मागे ट्रक आहे की एसटी तेही कळत नाही. पुण्याहून साताऱ्याला पोचेस्तोवर उजव्या करंगळीला मुंग्या. मेकॅनिक म्हणतो, "बुलेट आहे, थरथरणारच." हँडलमध्ये वाळू भरतात म्हणे, खरं का? बजेट हजाराच्या आत.

दहाचा_पाना
मेकॅनिकचं अर्धं खरं. तुमच्या ३४६ सीसी इंजिनात बॅलन्सर शाफ्ट (थरथर मारणारा फिरता दांडा) नाही, तो २०२१ च्या नव्या क्लासिकला आला. पण वाळूबिळू नंतर. आधी थरथर येते कुठून ते बघा. रिकाम्या, सरळ रस्त्यावर त्याच स्पीडला ऍक्सिलरेटर सोडून क्लच दाबा. आरपीएम (इंजिनाचे फेरे) उतरताच थरथर गेली तर इंजिनाची. तशीच राहिली तर चाकाकडे बघा: हवा, रिमचा आउट (वाकडेपणा), ढिल्या तारा, कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग). इंजिनाची निघाली तर इंजिन फ्रेमला धरणारे सगळे बोल्ट, गाडी थंड असताना, टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) तपासा. अंदाजे आवळू नका, आटे जातात.

निवांत_स्वार
सगळ्यात स्वस्त उपाय: पासष्टनेच चालवा. 😀

लेथवाला
वाळू अजिबात नको राव. ओल धरते, पाइप आतून गंजतो. त्यापेक्षा हँडलच्या दोन्ही टोकांना बार एंड, म्हणजे टोकाला बसणारी वजनं, लावा. बाजारात तयार मिळतात, नाहीतर लेथवर लोखंडी गोळे करून घ्या. मात्र थरथर नाहीशी होत नाही. टोकाला वजन वाढलं की हँडल कमी आरपीएमला थरथरायला लागतं, म्हणजे जोर खालच्या स्पीडला सरकतो. तुमचा नेहमीचा स्पीड त्यातून सुटला की झालं. फोमच्या ग्रिपा स्वस्त, पण पावसात स्पंजासारख्या पाणी पितात.

घाटपायथा
@दहाचा_पाना दादा, क्लच दाबला की थरथर गायब. पुढचे दोन बोल्ट चक्क ढिले निघाले! आवळल्यावर आरशात निदान नंबरप्लेट दिसायला लागली. करंगळी अजून कुरकुरतेय, तेव्हा बार एंड मागवतोय. उजव्या बाजूला लावताना काही अडचण?

लेथवाला
आहे, आणि तीच महत्त्वाची. उजवी ग्रिप फिरती असते. वजन तिला घासलं तर ऍक्सिलरेटर अडकेल. मध्ये एटीएम कार्ड सहज फिरेल एवढी फट ठेवा. मग इंजिन बंद ठेवून हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवा आणि दोन्हीकडे ग्रिप पिळून सोडा. टक् करून आपोआप परत आलीच पाहिजे. रेंगाळली तर वजन काढा आणि फट वाढवून पुन्हा बसवा, तोवर गाडी बाहेर काढू नका.