समुद्राखालच्या भूकंपाचा माग पाण्यातल्या आवाजावरून कसा काढतात?

प्रश्न (पाटण, जि. सातारा)

आमच्या कोयना खोऱ्यात भूकंप हा घरोघरचा विषय आहे; ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेबद्दल जुनी माणसे आजही बोलतात. इथले धक्के जमिनीवरच्या भूकंपमापकांवर नोंदले जातात. परंतु भर समुद्रात, तळाखाली भूकंप झाला तर पाण्यातल्या ध्वनिलहरींवरूनही त्याचा अभ्यास करतात, असे वाचनात आले. हा आवाज इतक्या दूर पोहोचतो कसा आणि त्यातून वेगळे काय कळते? नववीच्या वर्गाला सांगायचे आहे, तेव्हा कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर (कराड)

सर, भूकंपाची थोडी ऊर्जा समुद्रतळातून पाण्यात शिरते आणि ध्वनीच्या रूपाने पुढे जाते. खाली जावे तसे पाणी थंड होते आणि ध्वनीचा वेग घटतो. आणखी खोलवर मात्र वाढत्या दाबामुळे तो पुन्हा वाढतो. उष्ण आणि समशीतोष्ण समुद्रांत साधारण १ किलोमीटर खोलीवर हा वेग सर्वांत कमी असतो, आणि त्या थरातून वर किंवा खाली निसटू पाहणारा ध्वनी वाकून पुन्हा तिथेच येतो. पृष्ठभागावर किंवा तळावर आपटून तो विरत नाही, म्हणून हजारो किलोमीटर टिकतो.

२६ डिसेंबर २००४ चा सुमात्राचा भूकंप वर्गात अवश्य सांगा. अणुचाचणीबंदी कराराच्या देखरेखीसाठी हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाजवळ पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला आवाज टिपणारी यंत्रे, बसवलेले आहेत. ते तीन-तीनच्या त्रिकोणात, एकमेकांपासून सुमारे २ किलोमीटरवर असतात. एकच आवाज तिघांपर्यंत किंचित पुढेमागे पोहोचतो आणि त्या फरकावरून तो कुठल्या दिशेने आला हे काढता येते. त्या दिवशी ही दिशा एका जागी थांबली नाही, ती सतत उत्तरेकडे सरकत राहिली. भूकवचातली फाट सुमात्रापासून अंदमानच्या बाजूला १,२०० किलोमीटरच्या आसपास कशी पसरत गेली, याचा माग शास्त्रज्ञांना त्या नोंदींतून काढता आला. मला या साऱ्या विषयातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

मुलांकडून एक गणितही करून घ्यावे: सुमात्रापासून दिएगो गार्सियापर्यंतचे अंतर अंदाजे २,८०० किलोमीटर आणि पाण्यातला ध्वनी सेकंदाला १.५ किलोमीटर, म्हणजे आवाज पोहोचायला अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ लागतो.

उत्तर (सांगली)

वरील उत्तराला एक जोड द्यावीशी वाटते. दूरच्या सागरी पर्वतरांगांवरचे लहान धक्के जमिनीवरच्या यंत्रांपर्यंत पोहोचतच नाहीत, पण हायड्रोफोनांना ऐकू येतात. अमेरिकी नौदलाने पाणबुड्यांवर पाळत ठेवण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेवर १९९३ साली ओरेगॉनजवळच्या समुद्रात अशा धक्क्यांची रांग लागलेली ऐकू आली, आणि जहाजे तिथे गेली तेव्हा तळावर ताजा लाव्हा सापडला.

प्रश्नकर्ता

दोघांचे मनःपूर्वक आभार. मग त्सुनामीचा इशाराही यावरूनच देतात का?

उत्तर (कराड)

नाही. हैदराबादच्या केंद्रातून इशारा दिला जातो तो मुख्यतः भूकंपमापक, समुद्रतळावरचे दाबमापक आणि किनाऱ्यावरचे भरतीमापक यांच्या आधारे. समुद्रतळ किती वर उचलला गेला, हे ध्वनीवरून थेट कळत नाही. शिवाय ध्वनी बहुधा तळाच्या उतारावरून पाण्यात शिरतो, त्यामुळे ती जागा भूकंपकेंद्राच्या नेमकी वर असेलच असे नाही, आणि केंद्राची खोली तर जवळजवळ कळतच नाही. म्हणूनच ध्वनीच्या नोंदी भूकंपमापकांच्या नोंदींशेजारी ठेवून वाचाव्या लागतात.