५३व्या वर्षी नोकरी गेली. बायोडेटात वय झाकावं का? मदत हवी आहे

मंडळी, बरीच वर्षे नुसताच वाचतो, आज पहिल्यांदा लिहितोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात २७ वर्षे क्वालिटीत काढली, शेवटची ९ विभागप्रमुख म्हणून. चार महिन्यांपूर्वी आमची लाइन बंद झाली आणि तिच्याबरोबर आम्हीही. तेव्हापासून ६३ अर्ज, ५ मुलाखती. (क्वालिटीवाला आहे, तक्ता ठेवल्याशिवाय चैन पडत नाही.) पाचांपैकी तिघांनी ‘तुम्ही या जागेसाठी जरा जास्तच अनुभवी आहात’ असं गोड शब्दांत कळवलं. चौथ्याने विचारलं, नवीन काही शिकायची तयारी आहे का? मी लागलो तेव्हा वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक म्हणून क्यूएस ९००० होतं. मग टीएस १६९४९ आलं, २०१६ मध्ये आयएटीएफ. दर वेळी अख्खा कारखाना नव्याने शिकवला. पण हे सगळं मला घरी आल्यावर सुचलं.

आता मुलगी म्हणते, पदवीचं वर्ष काढून टाका, सुरुवातीची १२ वर्षे एका ओळीत गुंडाळा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदींतली लपवाछपवी शोधत आलो, आता स्वतःच्याच कागदावर ती करायची? हात धजत नाही. असं करणं रीतीला धरून आहे का?

दुसरं, मी दोन पायऱ्या खालच्या जागेलाही तयार आहे. साहेब २० वर्षांनी लहान असला तरी मला काही वाटणार नाही. त्याला वाटतं, ही खरी अडचण. हे मुलाखतीत मी स्वतःहून बोलावं की विषयच काढू नये?

आणि कारखान्यांना अशा मानकांची प्रमाणपत्रं देणाऱ्या प्रमाणन संस्थांसाठी ऑडिटर म्हणून कुणी उतारवयात सुरुवात केली आहे का? एखाद्या कंपनीला सल्ला दिला की तिचं प्रमाणन ऑडिट पुढची २ वर्षे करता येत नाही. म्हणजे सल्लागारी आणि ऑडिट दोन्ही करायचं तर कुठल्या दाराने आधी शिरायचं, तेच ठरत नाहीये.

*

प्रतिसाद १

मी भरतीचं काम करते. मुलीचं ऐका. बायोडेटा म्हणजे तुमचं सर्व्हिस बुक नव्हे, त्यात काय निवडायचं हे तुमच्या हातात आहे. फॉर्मवर जन्मतारीख विचारली तर खरीच लिहायची, तिथे तडजोड नाही. न सांगणं आणि खोटं सांगणं यात फरक आहे.

पानं किती आहेत? दोनावर आणा. तक्ते, चौकटी, दोन रकाने काढा. अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं, आणि अशा मांडणीत पुष्कळदा मजकुराचा काला होतो. ‘विभागप्रमुख’ वाचून मला काहीच कळत नाही. कुठल्या भागाचं रिजेक्शन किती होतं, ते कितीवर आणलं, कसं आणलं, हे वरच्या चार ओळींत हवं.

लहान साहेबाचा विषय काढाच, पण ‘मला चालेल’ असं म्हणू नका. त्यात उपकाराचा वास येतो. ‘पहिल्या सहा महिन्यांत तुमच्या डोक्यावरचं कोणतं काम उतरायला हवंय?’ असं विचारा.

*

प्रतिसाद २

दादा, मी ४९व्या वर्षी यातून गेलोय. अर्जांचा तक्ता बाजूला ठेवा, ओळखीच्यांचा करा. जवळच्या मित्रांचा नव्हे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३च्या निबंधात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांची पाहणी मांडली होती. ज्याच्यामार्फत काम झालं तो माणूस कितीदा भेटायचा? निम्म्याहून जास्त जणांचं उत्तर होतं, अधूनमधून. नेहमी भेटणारा असं म्हणणारे साधारण सहात एक. आपले मित्र आपल्याच वर्तुळातले, त्यांना जे कळतं ते आपल्यालाही कळलेलं असतं. त्यात तुमचे जवळचे सहकारी तर आता त्याच जागांसाठी रांगेत उभे असतील.

तुम्ही पुरवठादारांची ऑडिट्स केली असतीलच. त्यांना फोन करा.

*

धागाकर्ता

दोघांचेही आभार. ज्यांना एनसी (ऑडिटमध्ये सापडलेल्या त्रुटीची लेखी नोंद) दिल्या ते मला कशाला जवळ करतील, असं वाटत होतं. तरी काल तिघांना फोन लावले. एकाने उचललाच नाही, दुसऱ्याकडेही माणसं कमी करणं चालू आहे. तिसऱ्याला २०१४ मध्ये मेजर एनसी दिली होती. फोन उचलताच म्हणाला, “साहेब, आता काय सापडलं?” मंगळवारी बोलावलंय. नोकरी म्हणून नाही, त्यांच्याकडे एका ग्राहकाच्या तक्रारीचा ८डी (कारण आणि उपाय मांडणारा अहवाल) दोनदा परत आलाय, तो बघायला. पैसे किती मागायचे याची मला अजिबात कल्पना नाही. दिवसावर सांगावं की कामावर?

ऑडिटरच्या प्रश्नावर अजून कुणी बोललेलं नाही, तो उघडाच ठेवतो. बायोडेटा पाचवरून अडीच पानांवर आलाय. नावगाव खोडून उद्या इथेच टाकतो, उरलेलं अर्धं पान कुठून कापायचं ते सांगा.