अडलं होतं ते वेस्टमिन्स्टरमध्ये

ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनने युरोपियन युनियन सोडण्याच्या वाटाघाटी ब्रसेल्सने (म्हणजे युनियनने) मुद्दाम ताणून धरल्या म्हणून ब्रिटिश जनता वैतागली, असं इथल्या चर्चेत म्हटलंय, ते मला अर्धंच पटतं. युनियन ताठर होतीच, पण बाहेर पडण्याचा करार नोव्हेंबर २०१८ मध्येच तयार होता. गाडी अडली ती वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेत. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार संसदेने तीनदा फेटाळला, पहिल्यांदा तर ४३२ विरुद्ध २०२ मतांनी. मग २७ मार्च २०१९ ला खासदारांनी आठ पर्याय मतदानाला घेतले आणि एकालाही बहुमत मिळालं नाही. नको काय ते सगळ्यांना ठाऊक, हवं काय यावर एकमत नाही. लोक चिडणार नाहीत तर काय!

एक गोष्ट मात्र इथे कुणीच काढली नाही. २०१६ च्या ब्रेक्झिटवरच्या सार्वमतात आम्हा भारतीय पासपोर्टवाल्यांना मत होतं, कारण तिथे राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना ते मिळतं. मी तेव्हा लेस्टरला वर्क व्हिसावर होतो, मत देऊन आलो. शेजारची पोलिश नर्स माझ्या कितीतरी आधीपासून तिथे राहत होती, मुलंही तिथलीच, पण ती युनियनमधल्या देशाची नागरिक, म्हणून तिला मत नाही. वाटाघाटींत आयुष्य टांगणीला लागलं ते तिचं. पुढे राहण्याचा हक्क टिकवायला अर्ज करायची वेळ आली, तेव्हा पासपोर्ट तपासायचं सरकारी ॲप आयफोनवर चालत नव्हतं, म्हणून ती माझा अँड्रॉइड मागायला आली. भयंकर संतापली होती, आणि तो संताप रास्तच होता. त्या अर्जाला ६५ पौंड फीसुद्धा ठेवली होती. ओरड झाल्यावर जानेवारी २०१९ मध्ये सरकारने ती रद्द केली.