मदत हवी आहे: जुन्या चेनसॉचा ऑटो ऑइलर तेल ओढत नाही

ऑटो ऑइलर म्हणजे साखळीला आपोआप तेल देणारा पंप; माझा क्लचमागचा, वर्म गिअरवर (स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर) चालणारा आहे. बार (साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी) काढून इंजिन पळवलं तरी तेलाच्या भोकातून थेंब नाही. टाकीतली जाळी धुतली, बारकडची वाट हवेने मोकळी केली, टाकीचं झाकण सैल ठेवूनही फरक नाही, म्हणजे व्हेंट (टाकीत हवा शिरण्याचं भोक) तुंबलेलं नाही. क्लच काढला (उलटे आटे, घड्याळाच्या दिशेने सुटतो). वर्मचे दात शाबूत. पंप सुटा करून तेलात बुडवला आणि हाताने फिरवला की तेल येतं! संशय सक्शन नळीवर (टाकीतून पंपाकडे तेल नेणारी): रबर कडक झालंय, सांध्यातून हवा ओढत असणार.

मूळ नळी मिळत नाही. नायट्रिलची (तेलाला टिकणारं रबर) साधी नळी चालेल का, की थंडीत घट्ट झालेल्या तेलाच्या ओढीने चपटी होईल? भिंत किती जाड घ्यावी? पंपाची ओ-रिंगही (गळती रोखणारी रबरी कडी) आताच बदलावी का? वापरलेलं इंजिन ऑइल कृपया सुचवू नका, त्यातल्या कणांनी प्लंजर (पंपातला दट्ट्या) घासतो.